हलिमाखालाचा डावा पाय

बांगडी अंगठ्याच्या हाडावरून मनगटात नेमकी कधी उतरली, हे हलिमाखालानं मला एकदाही कळू दिलं नाही. माझे हात म्हणजे आईच्या मते सुताराचे हात. रुंद, हाडकुळे आणि हट्टी. लातूरच्या एका दुकानदारानं माझ्या हातावर ओळीनं चार बांगड्या फोडल्या आणि वर मलाच ऐकवलं, "ताई, तुम्ही कडी घाला, कडी." खाला मात्र हात हातात घ्यायची, अंगठ्याखालचं मांस दोनदा दाबायची, "सव्वादोन" असं माप सांगायची आणि बोलायला लागायची.

ते बोलणं म्हणजेच तिचं कसब होतं, हे मला फार उशिरा कळलं. बांगडी हाडापाशी येऊन अडली की ती प्रश्न विचारायची. प्रश्नही असा की थोडं आठवावं लागावं. "परवा दिशी कालवण काय केलतं गं तुझ्या मायनं?" मी परवा आठवायला लागायची, आणि "शेपूची भाजी" म्हणेपर्यंत बांगडी मनगटात खुळखुळत असायची. "हात म्हंजे लेकरू हाय," ती म्हणायची. "त्याच्याकडं बघत बसलं की रडतंय. दुर्लक्ष केलं की गप झोपतंय."

ती देवणीच्या मण्यार गल्लीत राहायची. आमचं किराणा दुकान तिथून दोन गल्ल्या पलीकडे. आठवड्यातले पाच दिवस ती आसपासच्या गावांत फिरायची, डोक्यावर पाटी, पाटीत दोऱ्यांत ओवलेल्या रंगीत बांगड्या, वर ओलसर फडकं. पाच-सहा कोस चालणं तिला काहीच वाटत नसे. तिचा मुलगा रशीद उदगीरला गॅरेजात कामाला होता. त्यानं मोटारसायकलवर सोडतो म्हटलं तर म्हणायची, "नक्को रे बाबा. गाडीवर काचा आदळत्यात आन मी बी आदळते. माझे पाय बरे." बरे म्हणजे खरोखरच बरे होते. बुटकी, काटक बाई, पण चालायला लागली की सोबतच्या माणसाला धापा लागायच्या.

ती हाळी द्यायची नाही. दारात आली की मान किंचित हलवायची, पाटीतल्या काचा वाजायच्या, आणि घरातल्या बाया हातातलं काम टाकून बाहेर यायच्या. आमच्याकडे बांगड्या भरून झाल्या की भरणारीच्या पाया पडतात. खालाला ते अवघड वाटायचं. तिनं त्यावर तोड काढली होती. "पड माय, पड. पर वरच्याच्या पड. मी आपली मधी बसलेली हाय," असं म्हणून ती आकाशाकडे बोट दाखवायची, आणि मग सगळ्यांच्या नकळत बाईच्या हातात एक बांगडी जास्तीची सरकवायची. ती स्वतः ऐन तरुणपणी विधवा झालेली. तिच्या हातात एकही काच नसायची. पण बांगडी भरणाऱ्या बाईला ते लागत नाही, असं आमच्याकडे धरतात. नव्या नवरीचा चुडा असो की सातव्या महिन्याचा हिरवा चुडा, देवणीत पहिला हात हलिमाखालाचाच.

तिला हात वाचता यायचे. रेषा नव्हेत, नुसते हात. बोटं जराशी सुजलेली दिसली की "किती महिने झाले गं?" असं ती सासूच्याही आधी विचारायची. एका मोठ्या घरातल्या सुनेच्या मनगटाला निळे वळ होते. सून म्हणाली, पाण्याचा हंडा लागला. खालानं काही विचारलं नाही. नेहमीपेक्षा दुप्पट वेळ लावून बांगड्या भरल्या, आणि उठताना सासूला गोड आवाजात म्हणाली, "बाई, सूनबाईच्या हाताला काच टिकंना. आता मी दर आठ दिसाला यीन बगायला. आन भायेर कट्ट्यावर बसून भरीन, समद्यांच्या पुढं." ती खरंच दर आठ दिवसांनी गेली. सहा महिने गेली. त्या सुनेचे वळ थांबले. माझ्या मावशीचे यजमान वारले तेव्हाही ती रिकाम्या हातांनी आली, मावशीचा उघडा हात आपल्या हातात घेऊन तासभर चोळत बसली आणि चहा न घेता गेली. मावशी नंतर मला म्हणाली, त्या महिन्यात मला हात लावणारी ती एकटीच.

मी हे सगळं लिहिते आहे ते तिचं गुणगान करायला नाही. मला तिच्या पायाबद्दल लिहायचं आहे, आणि तिथवर यायला मी रेंगाळते आहे.

लातूरला लॅब टेक्निशियनचा कोर्स करून मी तिथल्याच एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये लागले होते. रक्त काढायचं, काचपट्ट्या रंगवायच्या, मॅडम सांगतील ते रिपोर्ट टाइप करायचे. माझा साखरपुडा ठरला तेव्हा खाला बांगड्या भरायला आली. मी वाकले आणि तिनं डावा पाय चटकन साडीत ओढून घेतला. त्या पायात मोजा होता. एकाच पायात, आणि तेही उन्हाळ्यात. इतर बायांनी ते पाहिलं असेल आणि सोडून दिलं असेल. मी लॅबमधली, माझी नजर बिघडलेली. मागच्या अंगणात पाणी पिण्याच्या निमित्तानं मी तिला गाठलं.

तिनं आढेवेढे घेतले, मग मोजा काढला. तळव्याच्या कमानीत, आतल्या बाजूला, सुपारीएवढी गाठ. वरची कातडी ताणलेली. मी बोटानं दाबली तर हलली नाही.

"कधीपासून आहे?"

"झाली दोन वर्सं. दुखत न्हाई तशी. चालताना खडा आल्यावानी वाटतंय."

"मग दाखवली का नाही? आणि हा मोजा कशाला?"

ती हसली नाही. "सवाष्णी पायाला हात लावून राहिल्यात माय. एखादीचा हात गाठीला लागला, आन उद्या तिच्या घरात काय वंगाळ झालं, तर माझ्या गाठीचं नाव निघंल. मंग कोन मला नवरीचा हात देनार हाय?"

मी तिला लातूरला नेलं. तिथल्या सर्जनांनी गाठ पाहिली, सुई घालून तपासणीला थोड्या पेशी घेतल्या, आणि काढून टाकू म्हणाले. आजूबाजूचं पुष्कळ काढावं लागेल, महिना-दीड महिना पाय टेकायचा नाही. खालानं तोंडातल्या तोंडात काही मोजलं. श्रावण तोंडावर होता. पंचमीला लेकी माहेरी येतात, गावात एक हात रिकामा राहत नाही. "साहेब," ती म्हणाली, "गाठ तेवढी काढा. बाकीचं नका उकरू. पंचमीला मला हिंडायचं हाय." डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी काय बोलायला हवं होतं ते मला आज ठाऊक आहे. त्या दिवशी मला तिचं म्हणणं रास्तच वाटलं, पंचमीशिवायची खाला मी कधी पाहिलीच नव्हती. त्यांनी गाठ तेवढी सोलून काढली.

गाठ आमच्याच लॅबला आली. मॅडमनी मायक्रोस्कोपमधून पाहिलं आणि मला बोलावलं. "तुझ्या त्या बांगडीवाल्या बाई ना? कॅन्सर नाही." मी सुटकेचा श्वास टाकला. मॅडम मान वर न करता म्हणाल्या, "पण सभ्यही नाही. ही गाठ क्वचित दिसते. दुसरीकडे पसरून जीव घेत नाही, पण आहे तिथं हरळीसारखी मुळं धरते. कापलेल्या कडेपर्यंत पेशी आहेत, म्हणजे आत राहिलीच आहे. महिन्याभरात परत दाखवायला सांग. एमआरआय करून नीट काढली तर पाय राहील. उशीर केला तर काही खरं नाही." मी तसंच टाइप केलं. पहिल्या ओळीत कॅन्सर नसल्याचं, शेवटच्या ओळीत कडेचं. रिपोर्ट मीच घेऊन जाते म्हटलं. चांगली बातमी आपण सांगावी, एवढीच माझी हौस.

देवणीला पोचले तर खाला घरी नव्हती. टाके निघून चार दिवस झाले नव्हते आणि ही बया डोहाळजेवणाला गेलेली. सातव्या महिन्याची पोर पाटावर, तिच्यापुढे खाला, पट्टी बांधलेला पाय पाटीमागे लपवलेला. अर्धा चुडा भरून झाला होता. मी दारात उभी राहिले, हातात लॅबचं पाकीट. त्या पाकिटावरचं चिन्ह गावात सगळ्यांना कळतं. त्या घरातली म्हातारी सासू मला म्हणाली, "पोरी, चुडा भरून राहिलेत. वंगाळ असंल तर दारातून मागं फिर. पोटुशी बसलीय."

आमच्याकडची ही रीत मला लहानपणापासून माहीत. चुडा भरताना तुटणं, संपणं, दुखणं यांतला एक शब्द उच्चारायचा नाही. शिंक आली तर बाहेर जायचं. खालाचे हात थांबले होते. पोरीचा हात तिच्या हातात आणि डोळे माझ्यावर.

"कॅन्सर नाही, खाला!" मी म्हटलं.

घरात एकदम गलका झाला. कुणी माझ्या तोंडात साखर कोंबली. खालानं डोळे मिटले, ओठ हलवले, आणि मग मला विचारलं, "आनखी काय लिवलंय गं?"

मी त्या पोटुशीकडे पाहिलं. सासूकडे पाहिलं. तोंडात साखर होती.

"बाकी सगळं डॉक्टरी असतं," मी म्हटलं.

खालानं पुढची बांगडी उचलली. मला चारची गाडी गाठायची होती. चुडा संपायला अजून वेळ होता. उद्या फोनवर सांगू, असं ठरवून पाकीट तसंच पिशवीत घालून मी निघाले. फोन रशीदकडे असायचा. मी दोनदा लावला, दोन्ही वेळा तो गॅरेजात होता. "अम्मी एकदम ठीक है, हिंडून राहिली," तो म्हणाला. मी त्याला का सांगितलं नाही? एवढं नाजूक फोनवर कसं सांगायचं, तिलाच समोर बसवून सांगू, असली कारणं मी तेव्हा स्वतःला दिली. तिसरा फोन मी लावलाच नाही. पंचमी झाली, दसरा झाला. खालानं माझ्या लग्नाचा चुडा भरला, तेव्हा तिचं चालणं सरळ होतं आणि मंडपात बोलायची ती जागा नव्हती. लग्न होऊन मी नांदेडला गेले. माणूस आपल्या सोयीचं किती सहज विसरतो, याची मला स्वतःचीच किळस येते.

दोन वर्षांनी रशीदचा फोन आला. अम्मीला नांदेडला आणतोय.

मी तिला हॉस्पिटलच्या दारात पाहिलं आणि ओळखलं ते फक्त पाटीच्या सवयीनं ताठ राहिलेल्या मानेवरून. ती डाव्या पायाच्या बाहेरच्या कडेवर चालत होती. तळवा आतून फुगून आला होता, बोटं वाकडी झालेली, जुन्या टाक्यांची जागा काळपट. "गाठ परत आली गं," ती म्हणाली. "म्यां म्हनलं कॅन्सर तर न्हाई, तूच सांगितलेलीस. मंग काय भ्यायचं? हिंडत राहिले."

नांदेडला एक ऑपरेशन झालं. आठ महिन्यांनी दुसरं. प्रत्येक वेळी गाठ परतून आली, आधीपेक्षा जोमानं, हाडांच्या मधून वर. तळव्याची कातडी भरून येईना. गोळ्या झाल्या, रेडिएशनचे शेक झाले. वेदना अशा की पायावर चादर टेकली तरी खाला ओठ चावायची. शेवटी डॉक्टरांनी रशीदला आणि मला बसवलं. घोट्याच्या वरून काढावा लागेल. खालाला त्यांनीच समजावून सांगितलं, भला माणूस होता.

तिनं सगळं ऐकलं. मग विचारलं, "कॅन्सर हाय का साहेब?"

"नाही, आजी. कॅन्सर नाही."

"मंग पाय कामून कापता?"

डॉक्टर पुन्हा सांगू लागले. ती हात वर करून त्यांना थांबवत म्हणाली, "तसं न्हाई इचारून राहिले. कॅन्सरवाल्या बाया बी बगितल्यात म्यां हितं. त्यांचं समदे लोक इचारत्यात, डोळं पुसत्यात. मला समदे म्हनत्यात, नशीबवान हाव, साधी गाठ हाय. साधी हाय तर ऱ्हाऊ द्या की माझा पाय."

डॉक्टर हातातली फाइल चाळू लागले. उत्तर माझ्याकडे होतं आणि मी खिडकीबाहेर पाहत राहिले.

पाय काढला. ती देवणीला गेली. मला वाटलं, बाया आता तिच्या घरी येतील. बसल्या जागी तिला बांगड्या भरता येतील, कसब तर हातात आहे. पहिले दोन महिने आल्याही, थोड्या कीव करायला, थोड्या पाहायला. मग थांबल्या. रोजच्या बांगड्यांसाठी दुकानं झाली होती. आणि चुड्याला तिला कुणी बोलवेना. कुणी तोंडावर काही बोललं नाही. नुसतं एका घरचा चुडा उदगीरच्या बाईनं भरला, मग दुसऱ्या घरचा. अंग भंगलेल्या बाईच्या हातून नव्या नवरीचा चुडा नको, हे कुणी म्हटलं नाही आणि सगळ्यांनी पाळलं. माझ्या आईनंही पाळलं. धाकट्या बहिणीच्या लग्नात उदगीरची बाई आली तेव्हा मी भांडले. आई म्हणाली, "जन्माचं शुभकार्य आहे गं, कशाला विषाची परीक्षा?" ही तीच आई, जी खालाच्या हातचा चुडा म्हणजे देवाचा कौल म्हणायची.

खालाला मी शेवटचं भेटले त्याला आता वर्ष होईल. दुपारी तीनचा सुमार. ती दारातल्या बाजेवर बसली होती, भिंतीला कुबड्या टेकवलेल्या. शेजारची एक नवीन भाडेकरीण तिच्यापाशी लसूण सोलत होती. मला पाहताच खालाचा चेहरा उजळला. त्या बाईला ती अभिमानानं म्हणाली, "हीच ती लेक. लातुरास्नं एसटीनं आली हुती, निस्तं मला सांगायला, कॅन्सर न्हाई म्हनून. असं कोन करतंय आजकाल?" ती बाई माझ्याकडे कौतुकानं बघून घरात गेली.

मला ते सहन झालं नाही.

"खाला, त्या रिपोर्टात आणखी एक ओळ होती."

"कंच्या?"

"पहिल्या ऑपरेशनच्या. डोहाळजेवणात मी आणला होता तो." आणि मी थांबले नाही. गाठ आत राहिली होती. महिन्याभरात परत दाखवायचं होतं. मला सांगितलेलं होतं, मीच ते टाइप केलं होतं. चुडा चालला होता म्हणून बोलले नाही, नंतर राहून गेलं. मी रडत होते. आणि खरं सांगायचं तर बोलता बोलता मला हलकं वाटत होतं.

खाला रडली नाही. साडीवरची लसणाची सालं तिनं एक-एक करून उचलली.

"तवा कळलं असतं तर पाय राह्यला असता?"

"कदाचित."

"कदाचित म्हंजे?"

"राहिला असता, खाला."

गल्लीतून कुणीतरी सायकलवर गेलं, सलाम करून गेलं, तिनं उत्तर दिलं नाही.

"मंग आता कामून सांगितलीस माय?" ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं. "एवढे दिस अल्लाची मर्जी म्हनून बसले हुते. त्याच्यासंग काय भांडनार? गप पडून राहत हुते, डोळा लागत हुता. आता कसा लागंल? तुला हलकं झालं. मी काय करू?"

मी तिचा हात धरायला गेले. तिनं तो मागे घेतला नाही, पण तो माझ्या हातात नुसता पडून राहिला.

"जा," ती म्हणाली. "गाडी चुकंल तुझी."

गल्लीच्या कोपऱ्यावर पोचल्यावर मी वळून पाहिलं. ती माझ्याकडे बघत नव्हती. साडीचा घोळ गुडघ्यापर्यंत वर ओढून ती डावा पाय जिथं संपत होता तिथं बघत बसली होती, तो गेल्याचं तिला आताच कळावं तशी.